मुंबईची दुसरी टीम पुण्यात आली तर बिघडलं कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका कोथरूडकरांनी लिहिलं होतं की मुंबईच्या बास्केटबॉल टीमने उद्या दुसरी टीम काढलीच, म्हणजे नवीन पोरं तयार करायची टीम, तर ती नाशिकला काढा, नागपूरला काढा, पण पुण्यात नको, कारण पुणं कुणाची ‘बी टीम’ होणार नाही. वाचून आधी हसू आलं. मग संध्याकाळपर्यंत आमच्या बास्केटबॉलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच पत्र चार जणांनी टाकलं आणि खाली अंगठ्यांची ही रांग, तेव्हा हसू गेलं. अशी टीम काढतोय असं कुणी जाहीर केलेलं नाहीये हे मान्य, पण आपल्याकडे मांडव पडायच्या आधीच पंगतीत बसायचं कुणी यावरून भांडण उरकून घेतात, तर मीपण माझं म्हणणं मांडून घेतो.

मी खेळाडू नाही. कॉलेजच्या टीममध्ये बारावा होतो, बारावा म्हणजे टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या. पण गेली 22 वर्षं टेबलवर बसतोय. कोर्टाच्या कडेला ते लांब टेबल असतं ना, ज्याच्याकडे लोक फक्त स्कोअर चुकला की बघतात, तेच. स्कोअरशीट माझ्याकडे असते, पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन, दुसऱ्या-चौथ्याला निळं, फाउल कुणाचा कितवा, टाइमआउट कुणाचे संपले, सगळं त्यात. पोटापाण्याची नोकरी वेगळी आहे, ती सांगण्यासारखी नाही. तर या टेबलवरून कोर्टाइतक्याच समोरच्या खुर्च्या दिसतात, आणि मला जे सांगायचंय ते खुर्च्यांबद्दलच आहे.

दोन-तीन वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या एका मोठ्या हॉलमध्ये (नाव नको, उगाच कुणाला लागायला नको) मॅच होती. चार हजार माणसं बसतील एवढा हॉल, वर एलईडी स्कोअरबोर्ड, फ्लोअर असा की पडलेल्याला पण बरं वाटावं. मॅच पण नावाला साजेशी, शेवटच्या मिनिटात एका पोराने डाव्या कोपऱ्यातून थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंट्सचा शॉट, टाकला, बॉल रिंगवर दोनदा नाचला आणि आत, ओव्हरटाइम. आणि टाळ्या? मी टाइमआउटमध्ये एका रफ कागदावर माणसं मोजली होती, 61, त्यातले 40 तरी पालक, आणि त्यातली एक आई डबा उघडून पोळीभाजी खात होती तर त्या डब्याच्या झाकणाचा आवाज मला पार टेबलवर ऐकू आला. मॅच संपायला पावणेदहा वाजले, बाहेर रिक्षा नाही, ॲपवाले एकामागून एक कॅन्सल करतायत, शेवटची पीएमटी बस गेलेली. त्या थ्रीवाल्या पोराला मी माझ्या ॲक्टिव्हावर हडपसरपर्यंत सोडलं, तो मागे बसल्या बसल्या झोपला, सिग्नल आला की त्याचं डोकं माझ्या पाठीवर आपटायचं. दुसऱ्या दिवशी त्याची परत मॅच होती.

आता गंमत बघा, एवढे पैसेवाले एनबीएवाले, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या बास्केटबॉल लीगवाले, पण दुसरी टीम ठेवायची कुठे यावर तेही 20-25 वर्षं डोकं खाजवतायत. 2001 ला त्यांनी दुसरी लीग सुरू केली, पुढे तिला डी-लीग म्हणायला लागले, सुरुवातीला आठ टीम्स, सगळ्या अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या, ॲशव्हिल, रोअनोक, मोबील असली गावं, जी आपण कधी नकाशातसुद्धा बघत नाही. 2017 ला गेटोरेड या ड्रिंकवाल्या कंपनीने स्पॉन्सर केली म्हणून तिची जी लीग झाली. आधी एकेका टीमवर दोन-दोन तीन-तीन एनबीए टीम्सची पोरं पोसली जायची, म्हणजे एका भाड्याच्या खोलीत तीन घरची मुलं, मग हळूहळू प्रत्येकाला वाटायला लागलं की आपली आपण वेगळी खोली घ्यावी. 2024 मध्ये फिनिक्सने शेजारच्या टेम्पीत आपली टीम उभी केली आणि तिसांच्या तीस टीम्सना आपापली दुसरी टीम झाली. वर मेक्सिको सिटीची एक टीम आहे, ती कुणाचीच नाही, स्वतंत्र.

या पंचवीस वर्षांत काय झालं तर दुसऱ्या टीम्स आपल्या मोठ्या भावाच्या जवळ सरकत गेल्या. गोल्डन स्टेट वॉरियर्सनी 2011 ला टीम विकत घेतली ती नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्कला, कुठे कॅलिफोर्निया आणि कुठे ते, आणि पुढच्याच वर्षी उचलून सांताक्रूझला आणली, म्हणजे घरापासून गाडीने दीड-दोन तासांवर (कॅलिफोर्नियातलं सांताक्रूझ बरं का, वाकोल्याजवळचं नाही). ओक्लाहोमा सिटीने आपली टीम तुल्साहून 2014 ला घरी आणली. सॅक्रामेंटोची रिनोत होती ती 2018 ला स्टॉकटनला आली. क्लीव्हलंडची कँटनला होती, ती 2021 ला थेट क्लीव्हलंडमध्ये. कारण सरळ आहे, 2017 पासून तिथे टू-वे कॉन्ट्रॅक्ट म्हणून प्रकार आहे, एकच पोरगं आज मोठ्या टीमबरोबर प्रॅक्टिस करतं, उद्या लहान टीमकडून मॅच खेळतं, परवा मोठ्या टीममध्ये कुणाचा घोटा मुरगळला की दुपारी फोन येतो आणि रात्री ते तिकडे बेंचवर. विमान बदलून बदलून जायचं असेल तर पोराचा अर्धा सीझन एअरपोर्टवरच जाणार.

पण मग नुसतं जवळ असलं की झालं का? तर नाही, आणि इथेच आमच्या ग्रुपवर माझं भांडण झालं. एक जण म्हणाला मग नवी मुंबईतच ठेवा की, पुण्याचा विषयच नको. तसं लॉस एंजेलिसच्या लेकर्सनी केलंय. स्वतःच्या मालकीची दुसरी टीम ठेवणारी पहिली टीम लेकर्स, 2006 ला, आणि बरीच वर्षं त्यांची पोरं एल सेगुंडोला, मोठी टीम जिथे प्रॅक्टिस करते त्याच इमारतीत मॅच खेळत आलीयत. सोयीचं इतकं की लिफ्टने खाली-वर करून प्रमोशन मिळावं. पण तिथे मूठभर खुर्च्या, आणि त्या गावात दुसरी टीम आहे याचं कुणाला सोयरसुतक असेल असं मला वाटत नाही. लेकर्सना चालतं, त्यांना फक्त पोरं तयार करायचीयत, माणसं आधीच वेडी आहेत. आपल्याकडे माणसंच तयार करायचीयत. बास्केटबॉल म्हटल्यावर आजही आपल्याकडे निम्मे लोक ‘उंची वाढते म्हणे’ एवढंच बोलतात.

उलटी उदाहरणं पण आहेत. ह्यूस्टनची दुसरी टीम पार मेक्सिकोच्या सीमेला टेकलेल्या रिओ ग्रांदे व्हॅलीत, साडेपाचशे किलोमीटरवर, आणि ती चार वेळा चॅम्पियन झालीये, 2010, 2013, 2019 आणि 2022. मायामीची तर साऊथ डकोटात सू फॉल्सला, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरच्या पोराला ट्रेनिंगला बर्फात पाठवायचं. पण सू फॉल्सची ती टीम 1989 पासूनची आहे, ही लीग नव्हती तेव्हापासूनची. अशा ठिकाणी मालक लांब असला तरी चालतं, कारण गाव टीमला आपलं समजतं.

मी स्वतः एकच मॅच पाहिलीये तिकडची. बहीण डॅलसजवळ फ्रिस्कोला असते, 2016 च्या जानेवारीत गेलो होतो, आणि मला तिथलं बाकी काही बघायचं नव्हतं, सतनाम सिंगला बघायचं होतं. पंजाबमधल्या बल्लोके गावचा पोरगा, 7 फूट 2 इंच, 2015 च्या ड्राफ्टमध्ये (एनबीए टीम्स नवीन खेळाडू निवडतात तो) डॅलसने 52 वा घेतला, एनबीएने निवडलेला पहिला भारतीय, आणि खेळायला पाठवला इथे, टेक्सस लेजेंड्सकडे, डॅलसपासून तासाच्या आत. मेहुणे म्हणाले मोठी मॅच दाखवतो, मी म्हटलं ती टीव्हीवर बघतोच की सकाळी सहाला. सतनाम जवळजवळ सगळी मॅच मांडीवर टॉवेल घेऊन बसून होता, शेवटी निकाल लागल्यावर थोडा वेळ उतरला, एक रिबाउंड घेतला आणि आमच्या मागे बसलेलं अख्खं तेलुगू कुटुंब उभं राहिलं, आजीसकट. पण मला जास्त लक्षात राहिलं ते हाफटाइमचं. बझर वाजला, टीम्स आत गेल्या आणि त्याच फ्लोअरवर दहा-अकरा वर्षांची गावातली पोरं मॅच खेळायला उतरली, बॉल त्यांच्यापेक्षा मोठा दिसत होता, आणि गॅलरीत मोबाइल वर करून उभे असलेले आईबाप. म्हणजे ते मॅव्हेरिक्सच्या, डॅलसच्या मोठ्या टीमच्या, नावाने आलेच नव्हते. पोरगं सहा मिनिटं खेळणार म्हणून तिकीट काढून आले होते आणि जाता जाता मॅच बघून, टोपी विकत घेऊन गेले.

भारतातून गेलेला एकही खेळाडू अजून एनबीएच्या खऱ्या मॅचमध्ये उतरलेला नाही, पण त्या दुसऱ्या लीगमध्ये सतनाम खेळला, अमज्योत सिंग ओक्लाहोमा सिटी ब्लूकडून खेळला, प्रिन्सपाल सिंग खेळला. ‘बी टीम’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे एकदा डोळ्यांखालून घालावं, आपल्या देशाची मजल अजून त्या बी टीमपर्यंतच गेलीये.

आता आपल्या ‘ए टीम्स’चं काय झालं ते पण बोलू, राग येऊ देत. आयपीएलमध्ये पुणे वॉरियर्स 2011 ला आली, 2013 नंतर गेली. रायझिंग पुणे सुपरजायंट दोन वर्षांची पाहुणी, 2016 आणि 2017, फायनल एका रनने हरली आणि बॅग भरली. एफसी पुणे सिटी 2014 ला आली आणि 2019 ला त्यांच्या जागी हैदराबादची टीम उभी राहिली. टेनिसची एटीपी स्पर्धा चेन्नईहून आपल्याकडे आली, 2018 ते 2023 बालेवाडीला खेळली आणि हाँगकाँगला गेली. बास्केटबॉलमध्येच यूबीए लीगची पुणे पेशवाज होती, आठवते कुणाला? लीगच बंद पडली. आणि 2022 ला आयएनबीएल, म्हणजे इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग, सुरू झाली तेव्हा सहा टीम्स होत्या, मुंबई होती, कोची होती, चंडीगड होती, पुण्याचं नाव नव्हतं. तेव्हा एकाही कोथरूडकराने पत्र लिहिल्याचं मला आठवत नाही. पहिला नंबर मिळत नाही म्हणून दुसरा घ्यायचा नाही आणि मग ‘आमच्याकडे काहीच नाही’ म्हणून कट्ट्यावर बसायचं, हे आपल्याला छान जमतं.

अंतर बघा. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर. बोस्टनची दुसरी टीम मेन राज्यातल्या पोर्टलंडला आहे, ते अंतर याहून थोडं जास्तच. सॅन अँटोनिओची ऑस्टिनजवळ, ते जवळपास तेवढंच. दोन्ही टीम्स मालकांनी विकत घेतल्या आणि तिथेच ठेवल्या, घरी ओढून नेल्या नाहीत, कारण एवढ्या अंतरावर फोन केला की पोरगं संध्याकाळी हजर होतं. आपल्याकडे तर सव्वासातची डेक्कन क्वीन पकडली की साडेदहाला माणूस सीएसटीला उतरतो, 1930 पासून उतरतोय. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो आणि इंडियानाच्या मॅचेस झाल्या तेव्हा आमच्या ग्रुपमधले सात जण पहाटे निघून गेले होते, त्यातल्या दोघांकडे तिकिटंच नव्हती, बाहेर उभं राहून टीमची बस बघून आले. मुंबईकडे बघायला आपल्याला लाज वाटते असं निदान या खेळात तरी नाहीये.

नाशिक-नागपूरचं म्हणाल तर माझं काही वाकडं नाही. नागपूरला बास्केटबॉल जुना आणि चांगला आहे, माझं तर मत आहे नागपूरला स्वतःची पहिली टीमच मिळावी. पण मुंबईची दुसरी टीम तिथे ठेवायची म्हणजे आठशे किलोमीटर, ती दोन वर्षांत परत येणार.

पुण्यात पण कुठे, हा खरा प्रश्न आहे आणि इथे मला कोथरूडकरांपेक्षा आमच्या ग्रुपवरच्या ‘हो’ म्हणणाऱ्यांचीच जास्त भीती वाटते. सगळे एका सुरात म्हणतायत, बालेवाडी. बालेवाडी चांगलं आहे हो, 1994 च्या नॅशनल गेम्ससाठी बांधलं, 2008 ला तिथे कॉमनवेल्थ युथ गेम्स झाल्या, मोठ्या स्पर्धेला त्याच्यासारखी जागा नाही. पण या टीमला मोठी जागा नकोचे. सांताक्रूझचा हॉल अडीच हजारांच्या आसपासचा, तो पण तात्पुरता म्हणून उभा केलेला. मिलवॉकीने विस्कॉन्सिनमधल्या छोट्या गावांना विचारलं, आमच्या पोरांना जागा कोण देतं, रसीन आणि शबॉयगन मागे पडले आणि 2017 ला ऑशकॉश जिंकलं, नवीन हॉल बांधून, पण साडेतीन हजारांचाच. अडीच हजारांच्या हॉलमध्ये दोन हजार आले तर माणूस दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगतो की काय गर्दी होती. तेच दोन हजार मोठ्या हॉलमध्ये बसवा, सांगेल की कुणी नव्हतं.

पुण्यातला बास्केटबॉल कुठे वाढला? डेक्कन जिमखान्याच्या कोर्टवर, कॉलेजांच्या सिमेंटच्या कोर्टांवर, कॅम्पातल्या शाळांमध्ये. (खो-खोचे नियमसुद्धा 1914 ला जिमखान्यानेच बांधून दिले, नियम करायची हौस आपल्याला जुनीच.) शिरीन लिमये पुण्याचीच, भारताची कॅप्टन झाली. ही माणसं जिथे आहेत तिथे टीम न्या. शहराच्या मधे, मेट्रो स्टेशनपासून चालत दहा मिनिटांत, दोन-अडीच हजार खुर्च्या, वर पत्रा असला तरी चालेल पण गळणारा नको, खाली लाकडी फ्लोअर. सीझन तिकडच्यासारखा नोव्हेंबर ते मार्च ठेवला तर पुण्यात तेव्हा एसीची गरज नाही आणि पावसाची भीती नाही, आपल्या उघड्या कोर्टांवर जून ते सप्टेंबर पोरं वायपर घेऊन पाणी ढकलत असतात ते मी दर वर्षी बघतो. वनाझ-रामवाडी लाइन आणि पिंपरी-स्वारगेट लाइन सिव्हिल कोर्टला भेटतात, म्हणजे निगडीकडचा पोरगा आणि कल्याणीनगरची पोरगी दोघंही एकटी येऊ शकतात, बापाला गाडी काढायला लागत नाही. अशी जागा तयार मिळणार नाही, बांधायला किंवा डागडुजी करायला लागेल, आणि तो खर्च मुंबईच्या मालकाने करावा, महापालिकेने नाही. ऑशकॉशसारखं आपल्याला विचारायला कुणी आलं तर जागा देऊ, बाकीचं तुमचं.

आणि नाव. नाव पुण्याचंच पाहिजे, यावर मी कोथरूडकरांच्या बाजूने आहे. मेनच्या टीमचं नाव रेड क्लॉज होतं, लॉबस्टरच्या नांग्यांवरून, त्या भागाची ओळखच ती. बोस्टनने टीम ताब्यात घेतली आणि 2021 ला नाव केलं मेन सेल्टिक्स. चांगलं खेकडासदृश नाव घालवून मोठ्या भावाचं आडनाव लावलं. आपल्याकडे मुंबईच्या नावापुढे ‘ज्युनिअर’ किंवा ‘टू’ लावून टीम पाठवली तर मीसुद्धा अंगठा खाली करीन.

एक गोष्ट मला खुपते ती लपवत नाही. दुसऱ्या टीम्सपण जातात. इंडियानात फोर्ट वेन म्हणून गाव आहे, तिथून 1957 ला एनबीएची पिस्टन्स टीम डेट्रॉइटला गेली, पन्नास वर्षांनी गावाला दुसऱ्या लीगची टीम मिळाली, मॅड अँट्स, आणि 2023 ला तीपण उचलून इंडियानापोलिसला आणि पुढे शेजारच्या नोबल्सव्हिलला नेली. एकाच गावातून दोनदा. तेव्हा उद्या पुण्यातून पण नेतील, नवी मुंबईत चकचकीत हॉल झाला की कुणाला तरी मोह होईलच. म्हणून करार करताना पाच-सात वर्षं हलवायची नाही एवढं लिहून घ्या आणि दर वर्षी पुणे जिल्ह्यातल्या पोरांच्या ट्रायल्स इथेच, मुलींसाठी पण काहीतरी, निदान हाफटाइमच्या मॅचेस तरी, हे कागदावर आणा. बाकी पैशांचं मला कळत नाही.

तो हडपसरचा पोरगा आता बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, खेळणं अजून सोडलेलं नाही पण बाप विचारतोय पुढे काय. परवा त्याचा मेसेज आला, सर ते पत्र वाचलं का, मुंबईची टीम झाली तर ट्रायल्स कुठे असतील. मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.

टेबलवर माणूस लागला तर मी आहे, लाल पेन माझं मी आणीन. फक्त मॅच साडेसहाला सुरू करा, ओव्हरटाइम झाली तरी शेवटची पीएमटी मिळाली पाहिजे.

आपला,
एक स्कोअरर
नारायण पेठ, पुणे